चाहुलीचा खेळ

बॉम्ब लावून झाला आहे. त्याची टिकटिक हळूहळू वेग घेते आहे. दहापैकी आठ खेळाडू बाद झालेत. त्यांना आता फक्त पडद्याकडे बघत बसता येतं. उरलेल्या दोघांपैकी एक जण कोपऱ्यात दडून उभा आहे. हातात भरलेली बंदूक आहे, पण तो काहीच करत नाही. तो ऐकतो आहे. भिंतीपलीकडून बॉम्ब निकामी करायला सुरुवात झाल्याचा बारीक आवाज येतो. तो खरा आहे, की समोरच्याने बटण क्षणभर दाबून सोडलं आणि आता तो दाराकडे नेम धरून वाट बघतो आहे? निकामी करायचं अवजार जवळ असेल तर त्याला पाच सेकंद लागतील, नसेल तर दहा. कोपऱ्यातून बाहेर पडायचं की आणखी थांबायचं, हे तेवढ्यात ठरवायचं असतं, आणि त्यासाठी पुरावा असतो तो फक्त कानांचा.

‘काउंटर-स्ट्राइक’ खेळलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. खेळाडूंच्या बोलीत याला ‘क्लच’ म्हणतात. या खेळाचं वेड लागलेल्या माणसाला कशाने वेड लावलं असं विचारलं, तर तो बहुतेक वेळा अशाच एखाद्या क्लचची गोष्ट सांगतो. किती मारले याचा हिशेब त्यानंतर येतो.

हा खेळ जन्माला आला तो एका दुसऱ्या खेळाच्या पोटातून. ‘हाफ-लाइफ’ हा खेळ १९९८ मध्ये गाजला. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन हौशी तरुणांनी त्यातच फेरफार करून १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ उभा केला आणि इंटरनेटवर फुकट वाटला. हाफ-लाइफ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो विकत घेतला आणि २००० च्या अखेरीस दुकानांत आणला. पुढे २००३ मध्ये १.६ ही आवृत्ती आली, २००४ मध्ये ‘सोर्स’, २०१२ मध्ये ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’. चित्रं सुधारली, प्रकाश-सावल्या खऱ्या वाटू लागल्या, पण गाभा हलला नाही. पाच जण बॉम्ब लावायला बघतात, पाच जण त्यांना अडवतात. मेलेला माणूस फेरी संपेपर्यंत परत येत नाही. ‘डस्ट टू’ नावाचा वाळवंटी गावाचा नकाशा २००१ मध्ये तयार झाला आणि आजही लोक तो खेळतात. वडील ज्या बोळात दबा धरून बसत, त्याच बोळात आता मुलगा बसतो.

बाहेरून बघणाऱ्याला बंदुकीचे सगळेच खेळ सारखे दिसतात: धडधड गोळीबार, रक्त, आरडाओरडा. काही खेळ खरंच तसे आहेत. १९९३ च्या ‘डूम’ची मजा वेगात होती, धावत सुटायचं आणि समोर येईल त्याला उडवायचं. काउंटर-स्ट्राइकमध्ये मात्र धावणं म्हणजे स्वतःचा पत्ता जाहीर करणं. धावणाऱ्याची पावलं वाजतात, दबकत चालणाऱ्याची वाजत नाहीत. लाकडी फळी, पत्रा, फरशी, वाळू, प्रत्येकावर पाऊल निराळं वाजतं. बंदुकीत गोळ्या भरल्या तरी आवाज होतो, उंचावरून खाली उडी घेतली तरी होतो. नकाशा पाठ असलेला खेळाडू या आवाजांवरून भिंतीपलीकडचं चित्र मनात उभं करतो: एक माणूस, पत्र्याच्या छपरावर, डावीकडे सरकतोय. या मालिकेची खरी ओढ या मनातल्या चित्रात आहे.

हे चित्र उभं राहतं कसं, या प्रश्नावर आयुष्य वेचणाऱ्या माणसांची एक संस्था म्हैसूरला आहे. मानसगंगोत्री परिसरातली अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ मध्ये सुरू झाली. याच कामाची अली यावर जंग संस्था मुंबईत वांद्र्याला उभी राहिली ती त्यानंतर १८ वर्षांनी. बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या दोषांवर उपचार, शिक्षण आणि संशोधन ही तिन्ही कामं म्हैसूरला एकाच छताखाली चालतात. आवाज किती मोठा ऐकू येतो एवढ्यावर श्रवणशास्त्र थांबत नाही. तो कुठून आला हे माणसाला कसं कळतं, हाही त्याचा जुना आणि आवडता विषय आहे. खेळाडूने त्या शास्त्राचं एकही पुस्तक उघडलेलं नसतं, पण रोज रात्री तो त्याचाच प्रयोग करत असतो.

डोळ्याच्या पडद्यावर दिशा आयती उमटते. डावीकडची वस्तू एका जागी, उजवीकडची दुसऱ्या. कानाला ती सोय नाही. आवाज म्हणजे हवेची थरथर, आणि ती कुठूनही आली तरी कानाच्या एकाच पडद्यावर आदळते. दिशा मेंदूला हिशेबाने काढावी लागते. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तो अगदी डाव्या बाजूने आला, तर डाव्या कानापेक्षा उजव्या कानात साधारण ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. यापेक्षा कितीतरी बारीक फरक, अगदी १० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या लाखाव्या भागाचा, तरबेज कानाला ओळखता येतो. शिवाय पलीकडचा कान डोक्याच्या आडोशाला असतो, त्यामुळे तीव्र, उंच पट्टीचे आवाज तिथे हलके होऊन पोचतात. लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये ही दुहेरी रीत मांडली: खालच्या पट्टीसाठी वेळेचा फरक, वरच्या पट्टीसाठी जोराचा फरक. आवाज समोरून येत असेल तेव्हा माणसाला एखाद-दुसऱ्या अंशाचाही फरक समजतो.

एका ठिकाणी मात्र हा हिशेब फसतो. नाकासमोरून आलेला आवाज आणि पाठीमागून आलेला आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी, एकाच जोराने पोचतात. मग पुढचं-मागचं कसं ओळखायचं? एक मदत कानाच्या पाळीच्या वळणांची असते. पुढून आणि मागून येणारा आवाज त्यांवर आपटून किंचित वेगळा होऊन आत जातो. दुसरी मदत मानेची. मान थोडी डावीकडे वळवली, की समोरचा आवाज उजव्या कानाकडे सरकतो आणि मागचा डाव्या कानाकडे. खेळणारा माणूस हेडफोन लावून बसलेला असतो. त्याने खुर्चीत कितीही मान वळवली तरी कानातला आवाज बदलत नाही. पण माऊस हलवला की पडद्यावरच्या पात्राची मान वळते आणि संगणक नव्या कोनाचा आवाज लगेच कानात सोडतो. चांगला खेळाडू संशय येताच माऊस इकडेतिकडे हलवून बघतो, तेव्हा तो रानात चाहूल लागलेल्या जनावराने करावं तेच करत असतो. फक्त मानेचं काम मनगटाकडे गेलेलं असतं.

व्हॉल्व्हला याची किंमत कळली होती. चॅपल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधनातून इम्पल्सॉनिक नावाची छोटी कंपनी निघाली होती. भिंती, खोल्या, बोगदे यांतून आवाज कसा वळत-आपटत येतो आणि डोकं-कान त्याला कसा आकार देतात, याचं गणित तत्क्षणी सोडवायचं तिचं तंत्र होतं. व्हॉल्व्हने ती कंपनी २०१७ च्या सुरुवातीला घेतली आणि ते तंत्र ‘स्टीम ऑडिओ’ या नावाने बाहेर आलं. साध्या हेडफोनमध्ये डावं-उजवं कळतं. या तंत्राने वरचं-खालचं आणि पुढचं-मागचंही बऱ्यापैकी कळू लागलं.

मोठ्या स्पर्धांमध्ये कानांचं हे महत्त्व उघड दिसतं. पोलंडमधल्या कातोवित्सेच्या स्पोदेक सभागृहासारख्या ठिकाणी हजारो प्रेक्षक ओरडत असतात, आणि प्रेक्षकांना दोन्ही संघ कुठे आहेत ते दिसत असतं. धुराच्या पडद्यापलीकडे शत्रू उभा आहे आणि खेळाडूची बंदूक नकळत त्याच्याकडे वळली, तर सभागृहात जो हुंकार उठतो तोच चुगली करतो. म्हणून खेळाडू कानात छोटे इअरफोन घालतात आणि त्यांवर मोठे हेडफोन चढवतात. वरच्या हेडफोनमध्ये नुसती खरखर सोडलेली असते, बाहेरचा गलका बुडावा म्हणून.

अर्धवट माहितीवर खेळण्याची ही गंमत बंदुकीच्या खेळाने शोधलेली नाही. म्हैसूरच्या मातीत ती जुनी आहे. मुम्मडी कृष्णराज वडेयर (१७९४-१८६८) हा राजा खेळांचा असा शौकीन होता, की त्याच्या ‘श्रीतत्त्वनिधि’ या प्रचंड ग्रंथात गंजिफ्याच्या खेळांना स्वतंत्र जागा मिळाली आणि त्याच्या दरबारात तीनशेहून अधिक गोल पत्ते असलेले संच रंगवले गेले. आपल्याकडे सावंतवाडीला दशावतारी गंजिफा आहे: दहा रंग, प्रत्येकात बारा, एकूण १२० पत्ते. कुठले मोठे पत्ते पडून गेले आणि कुठले अजून कुणाच्या हातात आहेत, हे ज्याच्या डोक्यात पक्कं त्याचा डाव. समोरच्याचे पत्ते दिसत नाहीत. पडलेल्या पत्त्यांवरून ते ताडायचे असतात.

काउंटर-स्ट्राइकमध्ये असं ताडण्याचा आणखी एक थर आहे, पैशांचा. प्रत्येक फेरीआधी शस्त्रं विकत घ्यावी लागतात. पहिल्या फेरीला खेळाडूकडे ८०० डॉलर असतात, तेही अर्थात खेळातले. आजच्या आवृत्तीत एके-४७ ला २७०० पडतात आणि लांबून एका गोळीत लोळवणाऱ्या एडब्ल्यूपी रायफलीला ४७५०. जिंकलेल्या संघाला जास्त पैसे मिळतात, हरलेल्याला कमी, पण सलग हरत गेलं तर सांत्वनाची रक्कम वाढत जाते. त्यामुळे कधी कधी संघ मुद्दाम काहीच विकत न घेता एक फेरी सोडून देतो आणि पुढच्या फेरीसाठी पैसे साठवतो. याला ‘इको’ म्हणतात. समोरचा संघ मनात हिशेब ठेवून असतो: त्यांनी गेल्या वेळी सगळं खर्चलं, हरले, म्हणजे या फेरीला त्यांच्याकडे पिस्तुलंच असणार. असा अंदाज बरोबर ठरण्याचं सुख नेम लागण्याच्या सुखापेक्षा कमी नसतं. चुकला तर पाचही जण अनपेक्षित रायफलींपुढे लोळतात आणि ती नामुष्की आठवडाभर पुरते.

नेमाचंही असंच आहे. बंदूक सलग चालवली की तिचा झटका ठरावीक वळणाने जातो, आधी सरळ वर, मग एका बाजूला, मग दुसऱ्या. ते वळण कायम असल्यामुळे ते हाताला शिकवता येतं. रिकाम्या भिंतीवर तासन्‌तास गोळ्या झाडून मुलं ते घोटतात. हरलं तर दोष द्यायला फारसं काही उरत नाही, आणि काल जे जमलं नाही ते आज जमलं हे स्पष्ट दिसतं. रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू शिबिल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये खेळांच्या ओढीमागे तीन भुका दाखवल्या: आपल्याला काही येतं ही जाणीव, आपण आपल्या मनाने वागतो ही जाणीव, आणि आपली कुणाशी तरी साथ आहे ही जाणीव. या तिन्ही भुका एकाच पाटावर भागवणारे खेळ थोडे आहेत. काउंटर-स्ट्राइक त्यांतला एक.

तिसरी भूक भारतात कशी भागली, हे ज्याने २००० नंतरची सायबर कॅफे पाहिली त्याला सांगायला नको. १.६ ही आवृत्ती साध्या, जुन्या संगणकावरही चालायची. घरी इंटरनेट नसलं तरी अडत नसे. कॅफेतले आठ-दहा संगणक एकमेकांना तारेने जोडलेले असले की झालं. पुण्या-मुंबईत, बेळगाव-कोल्हापुरात, म्हैसूर-बंगळुरात कॉलेजं सुटली की पोरांच्या टोळ्या तासाचे पैसे वर्गणी काढून बसत. कबड्डीत बाद झालेला गडी रेषेबाहेर बसून आपल्या उरलेल्या गड्याला ओरडून सांगतो, तसा इथे मेलेला खेळाडू शेजारच्याच्या खांद्यावरून वाकून ‘अरे, मागे आहे, मागे!’ म्हणून ओरडायचा. मेल्यावर वाट बघायला लावणारा नियमच मैत्री घडवत होता. बाद झाल्यावर लगेच परत जिवंत करणाऱ्या खेळांत दुसऱ्याचा खेळ बघायला फुरसत नसते.

कॅफे गेली, मोबाइल आला. २०१८ मध्ये ‘पब्जी मोबाइल’ने देश व्यापला आणि सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. संगणकावर याच सुमारास, जून २०२० मध्ये, रायट गेम्सचा ‘व्हॅलोरंट’ आला. त्याचा सांगाडा उघडपणे काउंटर-स्ट्राइकचा आहे: पाच विरुद्ध पाच, लावायचा बॉम्ब, विकत घ्यायच्या बंदुका, वाजणारी पावलं. जानेवारी २०२३ मध्ये त्यात ‘लोटस’ नावाचा नकाशा आला. ही जागा पश्चिम घाटात आहे, असं खेळ सांगतो. हिरव्या डोंगरातलं प्राचीन दगडी अवशेषांचं ठिकाण. तिथली भली मोठी दगडी दारं गोल फिरतात, आणि फिरवली की त्यांची घरघर लांबवर ऐकू जाते. दार उघडून आत शिरायची सोय झाली, पण शत्रूला खबर देऊनच. त्या नकाशाची सगळी चुरस या एका आवाजाभोवती फिरते.

हिंसेचा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. ऑक्सफर्डच्या शिबिल्स्की आणि कार्डिफच्या नेटा वाइनस्टाइन यांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिंसक खेळ खेळणं आणि मुलांचं आक्रमक वागणं यांत त्यांना संबंध आढळला नाही. खेळाच्या काही बाजू याहून जास्त काळजी करण्यासारख्या आहेत. २०१३ पासून बंदुकीवरची रंगीत नक्षी, म्हणजे ‘स्किन’, बंद पेटीतून मिळू लागली. पेटी उघडायची किल्ली खऱ्या पैशांनी घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली आणल्या आणि त्यांनी ते योग्यच केलं. नक्षीने नेम सुधारत नाही. ओढ आहे ती सोडतीची, आणि लहान मुलांसमोर ती ठेवण्याचं काही कारण नाही. खेळ सुटता सुटत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांसाठी बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१४ पासून वेगळं क्लिनिक चालवलं आहे.

आणि मग कानांचा प्रश्न. पावलांचा आवाज मुद्दाम हलका ठेवलेला असतो. तो चटकन ऐकू यावा म्हणून खेळाडू हेडफोनचा आवाज वाढवतो. त्याच आवाजात पुढच्या क्षणी शेजारी एडब्ल्यूपी सुटते. कुजबुज ऐकण्यासाठी उघडलेल्या दारातून स्फोट आत येतो, तासाला कित्येकदा. ‘बीएमजे पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात जानेवारी २०२४ मध्ये नऊ देशांतल्या १४ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका अभ्यासात चार गोळीबारी खेळांचा हेडफोनमधला सरासरी आवाज साधारण ८५ ते ९१ डेसिबलच्या घरात भरला, आणि दुसऱ्या एकात क्षणिक दणके ११९ डेसिबलपर्यंत गेले. प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित मानला जातो. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. लहान मुलांसाठी सुरुवातच ७५ डेसिबलपासून होते, म्हणजे ८४ डेसिबलला त्यांचे आठवड्याचे पाचच तास उरतात. सुट्टीच्या एका दुपारी ते संपतात.

मोठ्या आवाजाने कान बिघडू लागला की श्रवणतपासणीच्या आलेखावर पहिला खड्डा बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास पडतो. आतल्या कानातल्या ज्या केसपेशी तिथे मरतात त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक वर्ण या वरच्या पट्ट्यात असतात. पाऊल फरशीवर पडलं की पत्र्यावर हे सांगणारी खुसखुसही तिथेच असते. म्हणजे हा खेळ ज्या ताकदीवर जिंकला जातो, तीच बेफिकिरीने खेळताना आधी जाते. पडद्याला डोळे लावून बसलेल्या मुलाला चष्मा लागेल का, हे प्रत्येक आई विचारते; कानांचं क्वचितच कुणी विचारतं. खेळून उठल्यावर कानात शिट्टी वाजत राहत असेल किंवा लोकांचं बोलणं दबल्यासारखं वाटत असेल, तर म्हैसूर किंवा वांद्र्यासारख्या ठिकाणी साधी श्रवणतपासणी करून घेता येते. ध्वनिरोधक खोलीत हेडफोन लावून बसायचं, आणि अगदी बारीक सूर ऐकू आला की बटण दाबायचं.

उपाय हाताशीच आहेत, हे बरं आहे. हलके आवाज थोडे वर आणि दणके खाली आणणारी सोय बहुतेक संगणकांत असते. ती चालू केली तर एकूण आवाज कमी ठेवूनही पावलं कळतात. बंद कपांचे हेडफोन बाहेरचा गोंगाट अडवतात, मग आवाज वाढवायची गरजच घटते. ‘फोर्टनाइट’ने पावलं आणि गोळीबार यांची दिशा पडद्यावर चित्रखुणांनी दाखवायची सोय केली, तेव्हा बहिऱ्या खेळाडूंनाही अधिक बरोबरीने खेळता आलं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०२५ मध्ये खेळांतल्या आवाजासाठी एक मानक पुढे ठेवलं. खेळाडूने आठवड्यात किती आवाज ऐकला याची मोजदाद यंत्राने ठेवावी, मर्यादा जवळ आली की त्याला सांगावं, आणि हेडफोन लावले असतील तर त्यांच्यासाठी वेगळी आवाजपातळी असावी, अशी त्याची मागणी आहे. ते पाळणं कंपन्यांच्या मर्जीवर आहे.